मास्तरांच्या मिशीला कलप

मा. अध्यक्ष, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि माझ्यासारखे वर्षाची वर्गणी भरून गप्प बसणारे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

७ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची पत्रिका परवा घरी आली. गुळगुळीत कागद, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि मधोमध आपल्या वाचनालयातली जुनी तसबीर. खाली छापलंय, ‘कविवर्य केशवसुत यांच्या एकमेव अस्सल तैलचित्राचे अनावरण’. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चित्र तेच होतं आणि नव्हतंही. त्याबद्दल पुढे लिहितो.

वाचनालयाचं नाव या पत्रात लिहिणार नाही, गल्लीचंही नाही. बेळगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दोन लेखी अर्ज दिले, एकाचीही पोच मिळाली नाही. तिसऱ्यांदा प्रत्यक्ष आलो तेव्हा जिन्यातच विचारलं गेलं, “सर, तुम्हाला केशवसुत नको आहेत काय?” त्या प्रश्नाचं उत्तर जिन्यात देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर देतो.

माझे वडील या वाचनालयात एकतीस वर्षं शिपाई होते. सकाळी साडेसातला कुलूप काढायचं, पेपर लाकडी दांड्यांत अडकवायचे, माठ भरायचा आणि फडक्याने सगळ्या तसबिरी पुसायच्या. टिळक, गोखले, आगरकर, आणि घड्याळाच्या बाजूला हे एक पगडीवाले गृहस्थ. बाकीच्यांच्या खाली नावं होती, यांच्या खाली नव्हतं. वडील त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हातात पुस्तक होतं म्हणून असेल. ‘नवा शिपाई’ लिहिणाऱ्या कवीचा हा फोटो आहे असं कुणी सांगितलं असतं, तर आमचा जुना शिपाई नक्की हसला असता.

मी १९७४ साली नववीत होतो. ड्रॉइंगची लोअर परीक्षा पास झालो होतो आणि हायरची खुमखुमी होती. घरी नक्कल करायला दुसरं चित्र नव्हतं. वाचनालय दुपारी बंद असायचं तेव्हा वडील मला आत घ्यायचे. बाकडं ओढून मी त्या तसबिरीसमोर बसलो, कागदावर चौकटी पाडल्या आणि पाच रविवार घालवून पेन्सिलीने तिची नक्कल केली. मध्येच वडील म्हणायचे, “नीट काढ रे, मास्तर बघुलालेत.” पुढे छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण एखाद्या चेहऱ्याकडे इतका वेळ पुन्हा कधी बघितलं नाही. डाव्या डोळ्याखाली तीळ होता. मिशीचे केस टोकांकडे पांढरे. पगडीखालून कानाशी जे केस दिसायचे तेही पिकलेले. खालची पापणी लोंबलेली, जशी पन्नाशी उलटल्यावर लोंबते. आज माझी तशी लोंबली आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

आता तुमचे पुरावे बघू. पत्रिकेबरोबर जे माहितीपत्रक आलं त्यात ते दिले आहेत, हे बरं केलंत.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणून चित्राच्या पाठीवरची मोडी अक्षरं दिली आहेत. पेन्सिलीने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. त्यात एका जाणकारांनी ‘केशव’ वाचलं. वाचन बरोबर आहे असं धरून चालू, जरी पुसट मोडीत असं धरणं धाडसाचंच असतं. पण मंडळी, केशव हे कवीचं नाव नव्हतंच! कवी कृष्णाजी केशव दामले. केशव हे त्यांच्या वडिलांचं नाव, आणि म्हणूनच ते केशव-सुत. हे आम्ही आठवीच्या वर्गात पाठ करून घेत होतो. स्वतःच्या तसबिरीमागे कुणी वडिलांचं नाव कशाला लिहील? आणि जुन्या बेळगावात केशव शोधायला दूर जायला नको, प्रत्येक वाड्यात एक निघेल. याहून साधी शक्यताही आहे. फ्रेमवाले गिऱ्हाइकाचं नाव पाठीवर पेन्सिलीने टाकतात. गणपत गल्लीत आजही टाकतात, जाऊन बघा.

दुसरा पुरावा धारवाडचा. हे खरंच आहे की केशवसुत १९०४ मध्ये खानदेशातून बदलून धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने गेले. मालगुंडला जन्मलेला माणूस आपल्या या मुलखात येऊन संपला. मला त्याचं फार वाटतं, तुमच्याइतकंच. हुबळीहून रेल्वे जाताना मी अजून खिडकीशी सरकतो. पण धारवाडात ते होते म्हणून धारवाडकडून आलेलं प्रत्येक पगडीवालं चित्र त्यांचं होत नाही. उलट या तारखांनीच तुमचा दावा मोडतो. त्यांच्या जन्मतारखेबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कुणी १५ मार्च १८६६ म्हणतं, कुणी ७ ऑक्टोबर १८६६. कुठलीही घ्या, ते गेले तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. चाळिशीही न बघितलेल्या माणसाच्या मिशा, कानाशेजारचे केस आणि पापण्या अशा असतील का? असतीलही एखाद्याच्या. पण मग ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

पैशाचाही विचार करा. तीन फूट उंचीचं तैलचित्र, सागवानी चौकट, कोटावर सोन्याची साखळी. केशवसुतांचं आयुष्य नोकरीच्या ओढाताणीत गेलं. त्यांच्या कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या, त्यांचं पुस्तक झालं ते त्यांच्या पश्चात, हरिभाऊ आपट्यांनी संपादित केलं तेव्हा. आज आपण ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो ते १९०४ साली धारवाडात कुणाच्या लेखी काय होते? एका बदलून आलेल्या शिक्षकाला चित्रकारासमोर बसवून एवढा खर्च कुणी केला, याचं एक तरी नाव सांगा.

तिसरा पुरावा मोबाइलचा. एका उत्साही सभासदाने ॲपवर चेहरा जुळवला आणि बरेच टक्के जुळला म्हणे. त्या मुलाला मी दोष देत नाही. पण जुळवला कशाशी? पुस्तकात छापलेल्या चित्राशी. ते चित्र कुणी काढलं, कशावरून काढलं, समोर माणूस बसवून की फोटोवरून की कुणाच्या सांगण्यावरून, हे तुम्ही तपासलं का? माहितीपत्रकात त्यावर एक ओळ नाही. चित्राशी चित्र जुळलं तर इतकंच कळतं की दोन पगडीवाले एकमेकांसारखे दिसतात. आमच्या शाळेच्या वार्षिक फोटोत दोन पी.टी. मास्तर असे होते की त्यांच्या बायकाही फसतील.

असं आपल्याकडेच होतं असं नाही. शेक्सपिअरचं बघा. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ साली स्थापन झाली तेव्हा संग्रहात दाखल झालेलं पहिलं चित्र ‘चँडोस’ या नावाचं, कानात सोन्याची बाळी घातलेल्या गृहस्थाचं. ते शेक्सपिअरचं असावं असं मानतात. दीडशेहून जास्त वर्षं झाली, जगभरचे विद्वान त्यावर बसले आहेत, तरी ती गॅलरी ‘नक्की त्याचंच’ असं म्हणत नाही. ज्यांच्याकडे एवढा पैसा, एवढी साधनं, ते ‘असावं’वर थांबतात आणि आपण एका महिन्यात ‘एकमेव अस्सल’ला पोचलो.

‘फ्लॉवर’ नावाच्या दुसऱ्या चित्रावर तर १६०९ हे साल रंगवलेलंच होतं. कित्येक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते झळकलं. २००५ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यात क्रोम यलो हा रंग सापडला, जो शेक्सपिअर जाऊन दोनशे वर्षं होईपर्यंत चित्रकारांच्या हातात आलाच नव्हता. चित्र एकोणिसाव्या शतकातलं निघालं. ‘ॲशबोर्न’ नावाच्या चित्राची साफसफाई केली तर खालून कुळचिन्ह निघालं आणि तो लंडनचा एक मेयर, ह्यू हॅमर्स्ली ठरला. आणि ‘जॅन्सन’ नावाच्या चित्रात मूळ माणसाला भरपूर केस होते, कुणीतरी ते रंगाने झाकून त्याचं कपाळ मोठं केलं होतं, कारण शेक्सपिअर म्हटला की टक्कल पाहिजे! १९८८ मध्ये तो थर काढला तेव्हा केस परत आले. हे शेवटचं उदाहरण लक्षात ठेवा.

घरातलं उदाहरण हवं असेल तर शिवाजी महाराजांचं आहे. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच चित्र पुढे आणेपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. बेंद्र्यांनी कागद शोधला, ताडून बघितला, मग बोलले. आज आपण ते चित्र बघतो ते त्यांच्या त्या चिकाटीमुळे.

आता मी चष्मा का पुसला ते सांगतो.

पत्रिकेवरच्या चित्रात डाव्या डोळ्याखालचा तीळ नाही. मिशी काळीभोर आहे. कानाशेजारचे केस काळे. पापणी वर उचललेली. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात आलो, चित्र खाली उतरवून कार्यालयाच्या खोलीत ठेवलं होतं, टर्पेंटाइनचा वास होता. विचारलं तर कळलं की एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून ‘जरा उठाव’ देऊन घेतला. अध्यक्ष महोदय, तो उठाव नव्हे. मास्तरांच्या मिशीला तुम्ही कलप लावलात. पन्नाशीचा माणूस एकोणचाळीसचा करून घेतलात, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तीळ नाही म्हणून याचा तीळ पुसलात. पेंटर बिचारा सांगितलेलं काम करून गेला, त्याला कुणी काही बोलू नका.

याने नुसतं चित्र बिघडलं असतं तरी वाईटच होतं. इथे तपासाची वाटही बिघडली. चित्राचं वय काढायचा एक साधा मार्ग पांढऱ्या रंगातून जातो. १९०४ सालचा चित्रकार शिशाचा सफेदा वापरणार, नाहीतर जस्ताचा. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धानंतर. मूळ थरात तो सापडला असता तर केशवसुतांचा प्रश्न एका दिवसात निकालात निघाला असता, कारण ते तोवर जाऊन दीड दशक झालं होतं. (न सापडता तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या तोच पुरावा म्हणून छापाल.) आता आजच्या डबीतला पांढरा त्या मूळ रंगावर बसलाय. तपासणारा माणूस आधी तुमचा पेंटर वेगळा काढणार, मग मूळ चित्राकडे वळणार.

नोंदवहीबद्दलही बोललं पाहिजे. १९७९ च्या सुमारास वाळवी लागलेल्या जुन्या देणगी-वहीची नवी प्रत करायचं काम वडिलांवर आलं, आणि त्यांचं अक्षर बरं नव्हतं म्हणून माझ्यावर. ती नोंद मी माझ्या हाताने उतरवली आहे. पुस्तकांची दोन कपाटं आणि त्यांच्याबरोबर एक तैलरंगी तसबीर, गृहस्थाची. पानाच्या डोक्यावर सन १९३१. देणाऱ्याचं नाव वाळवीने खाल्लं होतं, तसबिरीतल्या माणसाचं लिहिलेलंच नव्हतं. १९३१ पर्यंत केशवसुत मराठी वाचकाला चांगले ठाऊक झाले होते. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२९ मध्ये, आपल्या बेळगावात शिवरामपंत परांजप्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं होतं. अशा गावातल्या वाचनालयात केशवसुतांची तसबीर दाखल होते आणि कारकून ‘गृहस्थ’ लिहून मोकळा होतो? ही वही आता ‘सापडत नाही’ असं मला तोंडी सांगितलं गेलं. माझ्या हातची प्रतही नाही म्हणे. पावसाळ्यात गळणाऱ्या माळ्यावर कुणी बघितलं का?

काही मित्रांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “कशाला बोलताय? समोरच्यांना आयता विषय मिळतोय की.” हे ऐकून मला सगळ्यात जास्त त्रास झाला. आपण इथले मराठी लोक इतकी वर्षं काय करत आलो? जुने जनगणनेचे आकडे, शाळांचे दाखले, सातबारे, जन्ममृत्यूच्या नोंदी गोळा करत आलो. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगापासून २००४ च्या सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यापर्यंत आपलं म्हणणं एकच, कागद बघा. सरकारी कागद मराठीतही द्या म्हणून निवेदनं घेऊन आपण उन्हात उभे राहतो. आणि आपल्याच वाचनालयात एक नोंदवही हरवते तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नाही. समोरच्यांचं म्हणाल तर, आमच्या शेजारी एक निवृत्त कन्नड शिक्षक राहतात. बेंद्र्यांच्या कविता तोंडपाठ, मी म्हणतो ते धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरी मराठी बोलून कन्नडचे थोर कवी झालेले. त्यांना पत्रिका दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “इवरु यार्री?” हे कोण हो? एवढा एक प्रश्न आपण कुणीच विचारला नव्हता.

मला केशवसुत हवेत का, याचं उत्तर आता देतो. हवेत. म्हणूनच गेल्या आठवड्यात मी वाचनालयात त्यांच्या कवितांचं पुस्तक मागितलं. कपाटाची किल्ली मिळेना. मिळाली तेव्हा पुस्तकाच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा निघाला, ‘झपूर्झा’चं पान सुटलेलं. त्या सोनेरी पत्रिकांच्या खर्चात किती प्रती आल्या असत्या ते छापखान्याच्या बिलावरून तुम्हीच काढा.

चित्र लावायलाही माझी ना नाही. तुकोबांची, ज्ञानेश्वरांची चित्रं आपण लावतोच, त्यांना समोर बसवून कुणी काढली असं कुणी म्हणत नाही. ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रकार होऊन गेले तिथे आजही चांगल्या हाताची मुलं आहेत. त्यांच्याकडून केशवसुतांचं कल्पनाचित्र काढून घ्या, खाली ‘कल्पनाचित्र’ असं लिहा, मी स्वतः हार घेऊन येतो. दुसऱ्याच्या तोंडावर त्यांचं नाव चिकटवू नका इतकंच.

माझ्या मागण्या अशा:

७ तारखेचा कार्यक्रम जरूर करा, पण तो केशवसुतांच्या पुण्यतिथीचा करा. अनावरण रद्द करा. पत्रिका वाटून झाल्या असतील तर दारात एक साधी दुरुस्तीची पाटी लावा.

चित्रावरचं काम आजच्या आज थांबवा. पितळी पट्टी ठोकायचीय असं ऐकतो, त्या चौकटीत एकही खिळा मारू नका. पेंटरने कुठले रंग, कुठलं तेल वापरलं ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि चित्रासोबत ठेवा.

चित्र जाणकारांना दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे, बेंगळुरूतही इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. मुंबईला पाठवा की बेंगळुरूला, मला दोन्ही चालतील. पाठीवरची मोडी किमान तिघांना स्वतंत्रपणे वाचायला द्या, एकाने काय वाचलं ते दुसऱ्याला आधी न सांगता. जो अहवाल येईल तो, आपल्याला आवडो न आवडो, सूचना फलकावर लावा.

१९३१ ची वही आणि तिची प्रत शोधा. माळ्यावर चढायला माणूस नसेल तर मी चढतो. गुडघे दुखतात, पण त्या माळ्याच्या पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत.

आणि हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणा. चित्र वाचनालयाचं आहे, मंडळाचं नाही.

तोवर ती तसबीर घड्याळाच्या बाजूला होती तिथेच लावा. खाली पाटी हवीच असेल तर ‘अज्ञात गृहस्थ, देणगी १९३१’ इतकं लिहा.

१९७४ ची माझी नक्कल ट्रंकेत होती, काल काढली. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण चेहरा शाबूत आहे, तिळासकट. येत्या रविवारी सकाळी दहाला ती घेऊन मी वाचनालयात येतोय. चित्र कार्यालयातून बाहेर आणून उजेडात ठेवावं, ही विनंती. दोन्ही शेजारी ठेवून ज्याला बघायचं त्याने बघावं.

आपला,
एक सभासद, आणि तुमच्या जुन्या शिपायाचा मुलगा